देवयानीचा फोटो काढायला निघण्याआधी

सगळ्यात आधी भिंतीवरचं कॅलेंडर. देवयानी, म्हणजे अँड्रोमेडा दीर्घिका, नोव्हेंबरच्या मध्यात रात्री नऊच्या सुमारास सर्वांत उंच असते, डिसेंबरात त्याहूनही लवकर. म्हणून वद्य अष्टमी ते अमावास्या या रात्री धरायच्या. अष्टमीला चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, तोवर आपलं काम आटोपतं. दिवाळीची अमावास्या मोह पाडते, पण फटाक्यांच्या धुरातून २५ लाख प्रकाशवर्षांवरचं काय दिसणार?

मग जागा. उमरेडचा रस्ता सोपा वाटतो, पण तिथून नागपूर वायव्येला पडतं आणि देवयानी मावळते तीही वायव्येलाच, म्हणजे शहराच्या उजेडात. त्यापेक्षा रामटेकच्या पुढे देवलापार-सिल्लारीकडे जा, शहर दक्षिणेला राहतं. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेली जागा, म्हणून मान्यता मिळाली, ती उगाच नाही. रात्री जंगलाच्या रस्त्याकडेला ट्रायपॉड लावायचा नाही, हे वाघांच्या मुलखात वेगळं सांगायला नको. होमस्टेचं किंवा रिसॉर्टचं आवार बरं. अंगणातला हॅलोजन रात्रभर बंद ठेवाल का, हे खोली बुक करतानाच विचारून घ्या. पोचल्यावर विचारलं की मॅनेजर म्हणतो, "साहेब, बिबट येतो ना," आणि त्याचंही खरंच असतं.

मोठी दुर्बीण नको. आकाशात देवयानीची लांबी सुमारे ३ अंश, म्हणजे पौर्णिमेचे सहा चंद्र ओळीने ठेवले तेवढी. ४०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या (फोकल लेंग्थच्या) दुर्बिणीला एपीएस-सी, म्हणजे फुल फ्रेमहून लहान सेन्सरचा कॅमेरा लावला की ती जेमतेम मावते. हजार मिलिमीटरची लावली तर गाभा आणि आजूबाजूचं थोडंसंच हाती येतं. पैसे घालायचेच असतील तर माउंटवर, म्हणजे दुर्बीण ज्यावर बसते आणि फिरते त्या भागावर घाला. वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणारा साधा माउंट ताऱ्याचा पाठलाग करतो खरा, पण चौकटीतलं चित्र हळूहळू गोल फिरत जातं. ध्रुवताऱ्याकडे अक्ष रोखून आकाशाबरोबर फिरणारा इक्वेटोरियलच हवा. आपल्याकडे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम २१ अंशांवर असतो, त्यामुळे उत्तरेला झाड किंवा पाण्याची टाकी आडवी येता कामा नये. माउंट इतका झुकवला की काहींमध्ये काउंटरवेटचा दांडा ट्रायपॉडच्या पायाला आपटतो.

हे सगळं घरच्या गच्चीवर उघडं पडतं, म्हणून तिथली रंगीत तालीम टाळू नका. कॅमेरा दुर्बिणीला जोडणारी टी-रिंग तुमच्याच कॅमेऱ्याची आहे ना, ओळीने आपोआप फोटो काढणाऱ्या इंटरव्हॅलोमीटरची पिन बसते ना, सगळं दिव्याखाली जोडून बघा. फोकसचा सरावही इथेच: एखादा ठळक तारा लाइव्ह व्ह्यूवर दहापट मोठा करायचा, दुर्बिणीच्या तोंडावर बाहतिनोव मास्क, म्हणजे खाचा पाडलेली चकती, ठेवायचा. ताऱ्याला तीन रेघा फुटतात. मधली रेघ इतर दोघींच्या बरोबर छेदावर आली की फोकस झाला. मास्क काढायला विसरू नका.

पिशवीत जास्तीच्या बॅटऱ्या, पॉवर बँक, रिकामं कार्ड, लाल टॉर्च आणि दवासाठी हीटरची पट्टी. स्वेटर-कानटोपी घेणं हे आईच सांगेल.

फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये), आयएसओ ८०० किंवा १६००. एक्स्पोजर ३० सेकंदांपासून सुरू करा, तारे लांबट दिसले नाहीत तर ६० वर न्या. ६० सेकंदांचे १२० फोटो म्हणजे २ तास. थंडी वाढेल तशी दुर्बिणीची नळी आकसते, तेव्हा तासाभराने फोकस पुन्हा तपासा. हे सगळे फोटो नंतर सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक रचायचे. ते फुकट मिळतं.

शेवटचा फोटो झाला तरी कॅमेरा दुर्बिणीवरून काढायचा नाही. दुर्बिणीच्या तोंडावर पांढरा टी-शर्ट ताणून, लॅपटॉपचा पांढरा स्क्रीन समोर धरून वीसेक फ्लॅट, म्हणजे कडांचा अंधार आणि धुळीचे डाग नंतर काढून टाकायला एकसारख्या उजेडाचे फोटो घ्या, फोकसला हात न लावता. मग झाकण लावून देवयानीच्या फोटोंइतक्याच एक्स्पोजरचे, त्याच आयएसओचे डार्क, म्हणजे सेन्सरचा नॉइज वजा करायला काळोखाचे फोटो. हे तिथल्या थंडीतच घ्यायचे, घरी येऊन नाही. घरातल्या उबेत सेन्सरचा नॉइज वेगळा येतो.