लॅपटॉप उघडायचाय? आधी स्क्रूड्रायव्हरचं टोक बघा

माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या लॅपटॉपला आधी घरी हात लागलाय की नाही, हे तळ बघूनच कळतं. फुल्ली घासून गोल झालेले स्क्रू आणि कडेला चपट्या स्क्रूड्रायव्हरने पाडलेले चरे. रॅम नाहीतर एसएसडी बदलणं ही पाच मिनिटांची गोष्ट आहे, पण तिथवर पोचताना मशीनची वाट लागते. तेही फक्त हत्यार चुकल्यामुळे.

सगळ्यात जास्त लक्ष द्या ते टोकाकडे. बहुतेक विंडोज लॅपटॉपच्या तळाला पीएच0 किंवा पीएच1 बसतो (पीएच म्हणजे फिलिप्स, फुल्लीच्या आकाराचं टोक; पुढचा आकडा त्याचं माप), आतल्या बारीक स्क्रूंना कधी पीएच00 लागतो. टोक एक नंबर लहान असलं तरी ते फिरतं, म्हणून माणूस फसतो. फिरताना ते फुल्लीच्या भिंती खात असतं. म्हणून पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाल तेव्हा लॅपटॉप सोबत न्या. दुकानातच तो पालथा ठेवा, टोक स्क्रूत बसवा आणि मूठ हलकेच डावी-उजवीकडे ढकलून बघा. डुगडुगलं तर तो नंबर तुमचा नाही. दुकानदार कटकट करेल, करू दे.

चष्मा दुरुस्तीचे स्वस्त सेट घेऊ नका, त्यांचं लोखंड मऊ असतं आणि दोन घट्ट स्क्रूंतच टोक झिजतं. एस2 या कडक स्टीलचे बिट, म्हणजे मुठीत बसवायची सुटी टोकं, घ्या. मुठीचं बूड सुटं फिरणारं हवं, म्हणजे तळहाताने खाली दाबून ठेवता येतं आणि बोटांनी फिरवता येतं. दाब जास्त, फिरवणं हळू. स्क्रू गोल होत नाही तो यामुळेच.

मॅकबुक एअरचं गणित वेगळं. तळाला पाच पाकळ्यांचा पी5 आणि आत बराचसा सहा टोकांच्या चांदणीचा टॉर्क्स टी5. तिथे बारीक चपटं टोक घालून जमवू नका, त्या स्क्रूंना खोली फार कमी असते.

कव्हर सोडवायला प्लास्टिकच लागतं. वाद्यांच्या दुकानात मिळणारं गिटारचं पिक मला महागड्या ओपनरपेक्षा आवडतं: पातळ असतं, वाकतं, आणि जोर जास्त झाला तर लॅपटॉपच्या आधी तेच मोडतं. मुदत संपलेलं एटीएम कार्डही चालेल. डेलच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये बिजागरीजवळ खाच असते, सुरुवात तिथून करा. पिक जेमतेम आत जाऊ द्या, कडेने सरकवत न्या, आणि एकेक लॉक सुटल्याचा आवाज ऐकत पुढे जा. खोल खुपसलंत तर बॅटरी किंवा एखादी वायर दुखावेल.

एका जागी कव्हर अडलं तर जोर लावू नका. तिथे स्क्रू राहिलाय. एचपीच्या अनेक मॉडेलमध्ये तो रबरी पट्टीखाली दडलेला असतो. हेअर ड्रायरने पट्टी जराशी कोमट करा आणि टोकापासून सावकाश सोला, म्हणजे गोंद पट्टीलाच राहतो. जुन्या मशीनमध्ये डीव्हीडी ड्राइव्ह काढल्यावर त्या पोकळीतही बघा. लेनोवोच्या थिंकपॅडवाल्यांनी घाबरू नये, त्यातल्या बऱ्याच मॉडेलचे स्क्रू सैल झाले तरी कव्हरलाच लटकून राहतात. खरं तर अंदाज बांधायची गरजच नाही. डेल, एचपी, लेनोवो तिघेही मॉडेलनुसार सर्व्हिस मॅन्युअल फुकट देतात, कुठला स्क्रू कुठे ते चित्रासकट.

उघडण्याआधी लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा. आत गेल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सोडवण्याचं. टचपॅड वर उचललेलं दिसत असेल किंवा तळ फुगला असेल, तर पिकसुद्धा लावू नका. फुगलेली बॅटरी अनुभवी हातानेच निघावी.

स्क्रू सारख्या लांबीचे नसतात. कागदावर तळाचं चित्र काढा आणि प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टेपने चिकटवा. आखूड जागी लांब स्क्रू पिळलात तर तो वर कीबोर्डच्या बाजूने पृष्ठभाग फुगवतो. लावताना आधी उलटा फिरवा, आटे जुळल्याचा हलका ‘टक’ बोटांना जाणवेल, मग सुलटा. घट्ट झाला की थांबा, वरून आणखी पिळ देऊ नका.