कॅनडात कर्ज डोईजड झालं तर

नोकरी गेली, क्रेडिट कार्डं काठोकाठ भरली आणि घरी सांगायची हिंमत होत नाही, अशा अवस्थेतल्या आपल्या मंडळींच्या तोंडी थेट बँकरप्सीच, म्हणजे दिवाळखोरी, येते. खरं तर तिच्याआधी बरंच काही करता येतं.

देणी वेळेवर फेडता येत नाहीत, ही अवस्था म्हणजे इन्सॉल्व्हन्सी. बँकरप्सी ही त्यावरची एक कायदेशीर प्रक्रिया, एकमेव नव्हे. राहत्या घराचं मॉर्गेज (गृहकर्ज) वगळता बाकीचं देणं अडीच लाख डॉलरपर्यंत असेल, तर कन्झ्युमर प्रपोजल देता येतं: कर्जातला झेपेल तेवढा भाग जास्तीत जास्त 5 वर्षांत फेडायचा. मान्य-अमान्य ठरवायला धनकोंना 45 दिवस असतात. घर-गाडीचे हप्ते चालू ठेवलेत तर सहसा ती तुमच्याकडेच राहतात. मात्र प्रपोजलचे तीन महिन्यांचे हप्ते थकले की ते रद्द होतं, तेव्हा उत्साहात मोठा हप्ता कबूल करू नका.

प्रपोजल असो की बँकरप्सी, दाखल करायचा अधिकार फक्त लायसन्स्ड इन्सॉल्व्हन्सी ट्रस्टीला, म्हणजे याच कामाचा सरकारी परवाना असलेल्या तज्ज्ञाला. कर्जमुक्तीच्या नावाखाली आधी फी उकळणारे सल्लागार शेवटी तुम्हाला त्याच्याच दारात नेतात. म्हणून थेट जा, पहिली भेट बहुतेक ट्रस्टी मोफत देतात. पण तो तुमचा वकील नसतो, धनकोंचं हितही त्याला सांभाळावं लागतं.

कागद दाखल झाले की स्टे ऑफ प्रोसीडिंग्ज, म्हणजे वसुलीला कायदेशीर स्थगिती, लागू होतो. कार्डवाल्यांचे वसुलीचे फोन आणि त्यांच्यासाठी होणारी पगारकपात थांबते. पहिल्याच बँकरप्सीत सगळे नियम पाळले तर साधारण 9 महिन्यांत डिस्चार्ज, म्हणजे त्या देण्यांतून सुटका. उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या बरंच वर असेल तर त्या सरप्लस इन्कमचा अर्धा भाग भरावा लागतो आणि मुदत 21 महिन्यांवर जाते. पोटगी, कोर्टाचे दंड आणि फसवणुकीची देणी सुटत नाहीत. सरकारी स्टुडंट लोनही शिक्षण संपून 7 वर्षं झाल्याशिवाय सहसा सुटत नाही.

आपल्या लोकांची खरी अडचण पुढे आहे. पुण्यातला फ्लॅट, गावच्या सातबाऱ्यावरचा हिस्सा, भारतातली एफडी, सगळं ट्रस्टीला सांगावंच लागतं. या कायद्यात मालमत्ता म्हणजे जगात कुठेही असलेली मालमत्ता, आणि ती लपवणं गुन्हा आहे. घाईघाईने भावाच्या नावावर केलेलं खरेदीखतही तपासलं जातं. तसंच मामाचे उसने पैसे 'आधी घरच्यांचे' म्हणून फेडू नका. बँकरप्सीच्या आधीच्या 12 महिन्यांत नातेवाइकाला केलेली परतफेड ट्रस्टी त्याच्याकडून परत मागू शकतो. मामाला थांबा म्हणणं जड जातं हे मला कळतं, पण त्याला ट्रस्टीचं पत्र जाणं त्याहून वाईट. कर्जाला सहकर्जदार म्हणून बाबांची सही असेल तर तुम्ही सुटलात तरी बँक त्यांना सोडत नाही, हेही त्यांना आधीच सांगा.

बँकरप्सीमुळे पीआर (कायम वास्तव्याचा हक्क) जात नाही. पण डिस्चार्ज मिळेपर्यंत जोडीदाराला किंवा आईवडिलांना कॅनडात कायमचं आणण्यासाठी स्पॉन्सर करता येत नाही (क्युबेकचे नियम वेगळे). प्रपोजलला ही आडकाठी नाही. घरचं कुणी यायचं असेल तर ही गोष्ट पहिल्याच भेटीत ट्रस्टीला सांगा, आणि पगाराच्या स्लिपा, कार्डांची स्टेटमेंट्स व भारतातले कागद सोबत न्या.