लहान विद्युत बायप्लेन: तोल साधताना आणि बदल करताना या चुका टाळा

एका पंखाच्या रेडिओ-नियंत्रित विमानावर हात बसला की अनेकांना बायप्लेनचा (एकावर एक दोन पंख असलेल्या विमानाचा) मोह होतो. मात्र एका पंखाच्या विमानावर लागलेल्या सवयीही सोबत येतात आणि बहुतेक अपघातांचे मूळ त्या सवयींमध्येच सापडते. गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून मोजायचा, हे सर्वांना ठाऊक असते. पण पंख दोन असतील तर कोणत्या पंखाच्या, हा प्रश्न विमान जमिनीवर आपटेपर्यंत पुष्कळांना पडत नाही. मलाही पडला नव्हता.

पुढील विवेचनासाठी ‘पिट्स स्पेशल’च्या धर्तीची प्रतिकृती डोळ्यांसमोर ठेवली आहे. कर्टिस पिट्स यांनी घडवलेले मूळ विमान १९४४ मध्ये प्रथम उडाले आणि त्याच्या लहान विद्युत प्रतिकृती आजही लोकप्रिय आहेत. आखूड धड, आखूड नाक, मागे झुकलेला वरचा पंख आणि जवळजवळ सरळ असलेला खालचा पंख ही त्याची ओळख आहे. उदाहरणापुरते आपले विमान ८५० मिमी पंखविस्ताराचे, बॅटरीसह ९०० ग्रॅम वजनाचे आणि तीन सेलच्या लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीवर चालणारे आहे असे धरू.

गुरुत्वमध्य चुकीच्या पंखावरून मोजणे

वरच्या पंखाची रुंदी १५० मिमी आणि खालच्याची १४० मिमी आहे असे समजा. वरचा पंख मागे झुकलेला असल्यामुळे त्याची सरासरी पुढची कड मधल्या टोकापेक्षा (पंखाच्या मध्यभागी असलेल्या सर्वांत पुढच्या बिंदूपेक्षा) १२ मिमी मागे येते, तर खालच्या पंखाची पुढची कड त्याच टोकापासून ४० मिमी मागे आहे. दोन्ही पंखांचे क्षेत्रफळ साधारण सारखे असेल, तर या दोहोंच्या जागी मधोमध एक काल्पनिक पंख मानता येतो. त्याची पुढची कड २६ मिमीवर येते आणि रुंदी १४५ मिमी होते. गुरुत्वमध्य या काल्पनिक पंखाच्या रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर हवा, म्हणजे वरच्या पंखाच्या मधल्या टोकापासून सुमारे ६२ ते ७० मिमी मागे.

आता सवयीने काय होते ते पाहा. केवळ वरच्या पंखाच्या ३० टक्क्यांवर खूण केली तर ती ४५ मिमीवर येते आणि विमान नाकाकडे इतके जड होते की उतरताना एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची हलती पट्टी) पूर्ण ओढूनही नाक उचलत नाही. केवळ खालच्या पंखाच्या ३० टक्क्यांवर खूण केली तर ती ८२ मिमीवर जाते, आणि शेपटीकडे इतके जड झालेले विमान हातातून सुटताच नाक वर करून कोसळते. माझे पहिले बायप्लेन या दुसऱ्या प्रकाराने गेले. माहितीपुस्तिकेत गुरुत्वमध्याचा आकडा असतोच, पण तो कोणत्या पंखापासून आणि पंखाच्या कोणत्या जागी मोजायचा हे वाचल्याशिवाय त्याचा उपयोग नाही, कारण झुकलेल्या पंखावर मध्यभागी केलेले माप आणि टोकाशी केलेले माप एकच नसते. पहिल्या उड्डाणासाठी ६२ मिमीच्या बाजूला राहणे शहाणपणाचे असते.

मोजण्याच्या पद्धतीतही एक फसगत आहे. वरच्या पंखाखाली दोन बोटे लावून विमान तोलले की धडाचा सगळा भार बोटांच्या खाली लोंबकळतो आणि विमान झुल्यासारखे स्थिर राहते. गुरुत्वमध्य बोटांच्या ६० मिमी खाली असेल आणि आपली खूण ५ मिमीने चुकली असेल, तरी विमान जेमतेम ५ अंश कलते, आणि एवढा कल नजरेला ‘जवळजवळ सपाट’ वाटतो. म्हणून आडव्या शेपटीवर लहान पाणसळ ठेवून ती जमिनीला समांतर आहे की नाही हे पाहावे, नुसत्या डोळ्यांवर विसंबू नये. तोलताना बॅटरी, कॅनॉपी (कॉकपिटवरील झाकण), चाकांची आवरणे आणि प्रोपेलर सगळे जागेवर असले पाहिजे, हे सांगण्याची गरज नसावी; तरीही बॅटरी टेबलावर ठेवून विमान तोलणारे लोक मी पाहिले आहेत.

शिसे चिकटवण्याची घाई

गुरुत्वमध्य ८ मिमी मागे निघाला असे धरू. ९०० ग्रॅम गुणिले ८ मिमी म्हणजे ७२०० ग्रॅम-मिमीचा फरक भरून काढायचा आहे. पिट्सचे नाक आखूड असल्याने मोटर इच्छित गुरुत्वमध्यापासून १८० मिमीच पुढे असते, त्यामुळे तेथे तब्बल ४० ग्रॅम शिसे लावावे लागेल. तोच फरक ११० ग्रॅमची बॅटरी ६५ मिमी पुढे सरकवूनही भरतो. तेवढी जागा नसेल तर बॅटरी जमेल तितकी पुढे घ्यावी, ईएससी (मोटरचा वेग नियंत्रित करणारा घटक) मोटरच्या शेजारी आणावा, आणि उरलेल्या फरकासाठीच शिशाकडे वळावे.

त्याआधी शेपटीकडे पाहिले पाहिजे. तेथे लावलेला १ ग्रॅम गुरुत्वमध्यापासून ४५० मिमी दूर असतो, त्यामुळे त्याची भरपाई करायला नाकाशी अडीच ग्रॅम लागतात. शेपटीवर १० ग्रॅम रंग चढला की नाकाशी २५ ग्रॅम चढतात आणि विमान एकूण ३५ ग्रॅमने जड होते. हौसेने रंगवलेली बायप्लेन सुस्त का उडतात, याचे उत्तर बहुतेक वेळा एवढेच असते.

बॅटरी केवळ वेल्क्रोवर बसवणे ही त्याच हिशेबातली आणखी एक चूक आहे. उलट्या उड्डाणात आणि बाहेरच्या लूपमध्ये भार उलट दिशेने येतो, वेल्क्रो सुटते आणि बॅटरी मागे घसरते. ती ६५ मिमी घसरली तर टेबलावर कष्टाने मिळवलेले ८ मिमी विमान हवेत असतानाच निघून जातात. वेल्क्रोखेरीज आडवा पट्टा हवाच, आणि बॅटरीच्या मागे फोमचा ठोकळाही असावा.

वाकलेला पंख आणि जड पंख यांतील गल्लत

विमान डावीकडे कलते म्हणून उजव्या टोकात नाणे चिकटवणारे अनेक असतात, पण डावीकडे कलण्याची कारणे किमान दोन आहेत आणि त्यांचे उपाय वेगळे आहेत. सरळ उड्डाणात एलेरॉनचा (पंखाच्या मागच्या कडेवरील हलत्या पट्टीचा) ट्रिम, म्हणजे कायमचा बारीक कल, देऊन विमान समतल करावे आणि मग त्याच वेगाने ते उलटे उडवावे. उलटे झाल्यावरही पंख समतल राहिले तर दोष पंखाच्या पिळात आहे, कारण पिळाचा परिणाम आणि ट्रिमचा परिणाम दोन्ही विमानासोबतच फिरतात आणि एकमेकांना छेदत राहतात. उलटे होताच तोच डावा पंख आधीपेक्षा जोराने खाली गेला तर दोष वजनाचा आहे, कारण वजन नेहमी जमिनीकडेच ओढते आणि दिलेला ट्रिम आता त्याला साथ देतो. दुसऱ्या स्थितीतच हलक्या टोकात वजन घालावे. ते किती, हे ठरवण्यासाठी विमान प्रोपेलरच्या दांड्यावर आणि शेपटीच्या टोकावर सैल आधार देऊन टांगावे, आणि पंख जेथे सोडले तेथेच थांबेपर्यंत थोडे थोडे वजन वाढवावे.

पिळाचे मूळ बायप्लेनमध्ये बहुधा स्ट्रटमध्ये (दोन पंख जोडणाऱ्या उभ्या आधारात) असते. एका बाजूच्या स्ट्रटचे स्क्रू आधी पूर्ण आवळून मग दुसऱ्या बाजूकडे गेले की फोमचा पंख वळतो आणि वळलेलाच घट्ट बसतो. सर्व स्क्रू आधी सैल बसवून नंतर आळीपाळीने आवळावेत. त्यानंतर विमान सपाट टेबलावर पक्के ठेवून प्रत्येक पंखाच्या पुढच्या आणि मागच्या कडेची उंची धडाजवळ आणि टोकाजवळ मोजावी. १४५ मिमी रुंदीच्या पंखावर २.५ मिमीचा फरक म्हणजे १ अंश, आणि डावीकडे-उजवीकडे तेवढा फरकसुद्धा ट्रिम खाऊन टाकतो. वरच्या आणि खालच्या पंखांच्या कोनांतील फरक मात्र रचनाकाराने मुद्दाम ठेवलेला असू शकतो, म्हणून तो पुस्तिका पाहिल्याशिवाय ‘सुधारू’ नये.

याच संदर्भात वरचे आणि खालचे एलेरॉन जोडणाऱ्या दांडीचा उल्लेख केला पाहिजे. वरचा पंख झुकलेला असल्यामुळे दोन्ही एलेरॉनच्या बिजागरांच्या रेषा समांतर नसतात, आणि साधी क्लेव्हिस (दांडीच्या टोकाची चिमट्यासारखी जोडणी) लावली तर ती पूर्ण वळणावर अडकते व सर्व्हो (एलेरॉन हलवणारी छोटी मोटर) गुणगुणत राहतो. येथे बॉल-लिंक (सर्व दिशांना वळणारी गोल सांध्याची जोडणी) लागते. दोन्ही हॉर्नची (एलेरॉनवरील दांडी अडकवण्याच्या कानांची) छिद्रे बिजागरापासून सारख्या अंतरावर नसतील, तर एक एलेरॉन दुसऱ्यापेक्षा अधिक वळतो आणि रोल (विमानाची लांबीच्या अक्षाभोवतीची गिरकी) तिरका जातो.

शक्ती वाढवताना हिशेब न करणे

१० इंची प्रोपेलरच्या जागी ११ इंची लावणे हा किरकोळ बदल वाटतो. परंतु फेरे आणि पिच (पात्यांच्या पिळानुसार एका फेऱ्यात पुढे जाण्याचे अंतर) तेच राहिले तर प्रोपेलरला लागणारी शक्ती साधारणपणे व्यासाच्या चौथ्या घाताने वाढते, म्हणजे येथे सुमारे ४६ टक्क्यांनी. फेऱ्यांच्या बाबतीत ती तिसऱ्या घाताने वाढते. तीन सेलवरून चार सेलवर जाताना व्होल्टेज एक तृतीयांशाने वाढते, आणि प्रोपेलर तोच ठेवला तर मागणी दुपटीच्याही पुढे जाऊ पाहते. मोटर प्रत्यक्षात थोडी मागे पडते हे खरे, पण ३० अँपिअरचा ईएससी जळायला तेवढे पुरेसे असते. चार सेलवर जायचेच असेल तर लहान प्रोपेलर घ्यावा, आणि पूर्ण भरलेल्या बॅटरीवर वॉटमीटर लावून काही सेकंद पूर्ण थ्रॉटल देऊन प्रवाह मोजावा. त्या वेळी विमान पक्के धरलेले असावे आणि कोणीही प्रोपेलरच्या रेषेत उभे नसावे.

नवी बॅटरी ४० ग्रॅमने जड असेल आणि गुरुत्वमध्याच्या १२० मिमी पुढे बसत असेल, तर गुरुत्वमध्य ५ मिमी पुढे सरकतो. म्हणजे शक्तीचा बदल हा तोलाचाही बदल असतो.

प्रोपेलरचा स्वतःचा तोल बहुतेक जण तपासत नाहीत. जड पाते वरून घासण्यापेक्षा हलक्या पात्याच्या मागच्या बाजूस पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा लावणे सोपे पडते. कंपने राहिली तर स्ट्रटचे स्क्रू सैल होतात, आणि मग वर सांगितलेला पिळाचा दोष एखाद्या सकाळी आपोआप परत येतो.

रंग

पिट्सच्या रंगसंगतीचा इतिहास मोहक आहे. १९४६ मध्ये बांधलेले आणि अमेरिकन कसरतपटू वैमानिक बेटी स्केल्टन यांनी गाजवलेले लाल-पांढरे ‘लिटल स्टिंकर’ आज अमेरिकेत स्मिथसोनियन संग्रहालयाच्या उडवार-हेझी केंद्रात उलटे टांगलेले आहे, आणि ते पाहून स्प्रेचा डबा हातात घ्यावासा वाटणे स्वाभाविक आहे. मात्र साध्या पॉलिस्टायरीन फोमला स्प्रेमधील द्रावक विरघळवतात. साधा सायनो (झटपट चिकटणारा) गोंदही तेच करतो. ईपीओ हा दुसऱ्या प्रकारचा फोम अधिक टिकतो, तरी आधी आतल्या बाजूच्या तुकड्यावर परीक्षा घ्यावी आणि शक्यतो पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग वापरावा. रंगवण्यापूर्वी आणि नंतर प्रत्येक भाग वजनकाट्यावर ठेवावा. गडद रंगाचा फोम एप्रिल-मे महिन्यांत बंद गाडीत राहिला तर त्यावर फोड येतात. पंखांची वरची आणि खालची बाजू एकसारखी रंगवणे ही दिसायला सुंदर, पण उडवताना महाग पडणारी चूक आहे, कारण दोन पंखांची आकृती दुरून सुलटी की उलटी हे पटकन कळत नाही. खालच्या पंखाच्या तळाशी ठळक पट्टे किंवा चौकटी असाव्यात.

ट्रान्समीटर आणि गायरोवर सगळे ढकलणे

एक्स्पो (काडीच्या हालचालीला मिळणारा प्रतिसाद बदलणारी ट्रान्समीटरची सोय) काडीच्या मध्यभागी मऊपणा आणण्यासाठी असतो, पण त्याचे चिन्ह सर्वत्र सारखे नसते. फुटाबाच्या ट्रान्समीटरवर मऊपणासाठी वजा संख्या द्यावी लागते, तर स्पेक्ट्रमवर अधिक. दुसऱ्याची मापे जशीच्या तशी भरणाऱ्याला पहिल्या उड्डाणात विमान भलतेच चपळ झालेले आढळते. गायरोची (विमान आपोआप स्थिर ठेवणाऱ्या उपकरणाची) गोष्ट त्याहून गंभीर आहे. तो शेपटीचा जडपणा बराच काळ झाकून ठेवतो आणि उतरताना, वेग कमी झाल्यावर, नियंत्रण पृष्ठांचा जोर संपला की तो जडपणा एकदम उघडा पडतो. म्हणून चढाई करताना आणि उतरतानाही साथ देणारा तोल आधी गायरो बंद ठेवून मिळवावा. गायरो चालू केल्यावर उड्डाणापूर्वी विमान हातात धरून डावा पंख खाली दाबावा आणि डावा एलेरॉन खाली जातो का ते पाहावे. तो वर जात असेल तर त्या दिवशी उडवू नये.

हवेतील अंतिम परीक्षा ४५ अंशांच्या चढाईत होते. पुरेशा उंचीवर ट्रिम केलेले विमान त्या रेषेत न्यावे, अर्धा रोल करून उलटे करावे आणि एलिव्हेटरची काडी सोडून द्यावी. नाक झपकन जमिनीकडे वळले तर ते अजून जड आहे. रेषा बराच वेळ टिकून हळूहळू वाकली तर कसरतींसाठी तोल योग्य आहे. नाक आणखी वर चढू लागले तर ताबडतोब उतरावे. यानंतर बॅटरी ५ मिमी सरकवून फरक शोधण्यात अर्थ नसतो, कारण तेवढ्याने आपल्या विमानाचा गुरुत्वमध्य जेमतेम ०.६ मिमी हलतो. एका वेळी १५ मिमी सरकवावी. उतरताना थ्रॉटल एकदम बंद करण्याचा मोहही आवरावा. दोन पंख आणि स्ट्रट यांचा अवरोध इतका असतो की मोटर बंद होताच बायप्लेन दगडासारखे खाली येते, आणि पाहणारा पुन्हा दोष गुरुत्वमध्याला देतो.

जागा पक्की झाली की बॅटरीच्या पुढच्या कडेशी धडाच्या आत शाईची रेघ ओढावी. वेगवेगळ्या वजनाच्या दोन बॅटऱ्या वापरत असाल तर दोन रेघा ओढाव्यात आणि प्रत्येकीशेजारी त्या बॅटरीचे वजन लिहावे.