कोकणातल्या महाविद्यालयात विद्यार्थ्यांचे अनियतकालिक कसे काढावे

महाविद्यालयात एखादा प्रश्न पेटला की पहिल्या दिवशी घोषणा होतात, दुसऱ्या दिवशी निवेदन दिले जाते आणि आठवडाभरात ते निवेदन कोणत्या फाइलीत गेले हे कोणालाच सांगता येत नाही. चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ रोजी महाडला झाला आणि अवघ्या दोन आठवड्यांनी, ३ एप्रिल रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक मुंबईहून निघाले. आपला आवाका त्याच्या शतांशही नसला तरी क्रम तोच ठेवावा लागतो, म्हणजे जे मागितले, जे मिळाले आणि जे नाकारले गेले ते तारखेनिशी छापून ठेवावे लागते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात आम्ही काही मित्रमैत्रिणींनी असे आठ पानी अनियतकालिक, म्हणजे ठरावीक मुदतीचे बंधन नसलेले अंक, चालवले होते. पुढील सूचना त्या अनुभवातून आलेल्या आहेत.

पहिल्या अंकाला एकच प्रश्न घ्यावा. शिक्षणाचे खासगीकरण, बेरोजगारी आणि लोकशाहीचे भवितव्य एकाच अंकात घेतले तर ते कोणीच वाचत नाही. मात्र शेवटच्या तासानंतर वाडीवर जाणारी एसटी महिन्यातून किती वेळा आली नाही, हे छापले तर पास काढलेला प्रत्येक जण अंक मागून घेतो. आमच्या वर्गातली एक मुलगी प्रॅक्टिकल अर्धवट टाकून स्थानकावर पळायची, कारण तिच्याच शब्दांत, “पाचची गाडी चुकली की मगे चालतच जावचा लागता.” हे वाक्य आम्ही प्रमाण मराठीत न घालता जसेच्या तसे छापले आणि त्या अंकात सर्वांच्या लक्षात राहिले ते तेवढेच. मालवणी असो वा संगमेश्वरी, बोलणाऱ्याची बोली संपादकाने ‘सुधारू’ नये.

प्रश्न ठरला की पुरावा गोळा करावा, आणि या कामाला सर्वांत जास्त वेळ द्यावा. एसटी महामंडळ, विद्यापीठ आणि अनुदानित महाविद्यालये यांना माहिती अधिकार अधिनियम, २००५ लागू होतो. अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा, तो जन माहिती अधिकाऱ्याच्या (त्या कार्यालयात माहिती देण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याच्या) नावे द्यावा आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय, तोही दीडशे शब्दांच्या आत मांडावा लागतो. ‘आमच्या गाड्या का रद्द होतात?’ असे विचारल्यास उत्तर टाळणे सोपे जाते, कारण कायद्याने मिळते ती नोंद, खुलासा नव्हे. त्याऐवजी ‘अमुक आगारातून अमुक मार्गावर गेल्या तीन महिन्यांत रद्द झालेल्या फेऱ्यांची तारीखवार यादी’ मागावी. उत्तराची मुदत तीस दिवसांची असल्यामुळे अंकाची तारीख त्या हिशेबाने ठरवावी. दरम्यान दोघांनी रोज स्थानकावर उभे राहून गाडी आली की नाही, किती वाजता आली, हे वहीत लिहून ठेवावे. पुढे कागदावरची यादी आणि ही वही जिथे जुळत नाहीत, तिथेच बहुधा खरी बातमी असते.

महाविद्यालयांतर्गत तक्रारीसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असणे बंधनकारक आहे आणि तिने पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. ही वाट आधी चालून पाहावी. ती बंद निघाली तर तोही मजकूरच होतो.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे मागितल्याशिवाय काहीही छापू नये, आणि मागितल्यावर ते आले का हे नीट पाहावे. याबाबतीत आमची फजिती झाली होती. वसतिगृहाच्या पाण्याविषयी प्राचार्यांना लेखी प्रश्न देऊन ‘उत्तर मिळाले नाही’ असे आम्ही ठळक अक्षरांत छापले. प्रत्यक्षात उत्तराचा लिफाफा चार दिवस आवक-जावक टेबलावर आमच्या नावाने पडून होता आणि तो आणायला कोणी गेलेच नव्हते. पुढच्या अंकात पहिल्या पानावर दुरुस्ती छापावी लागली. आतल्या पानावर ती छापून मोकळे होण्याचा मोह झाला होता, हेही इथे कबूल करतो.

कायद्याच्या दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. नियमित कालावधीने निघणाऱ्या आणि सार्वजनिक बातम्या किंवा त्यांवरील भाष्य असलेल्या प्रकाशनाला नियतकालिकांच्या नोंदणीचा २०२३ चा कायदा लागू होतो. म्हणून ‘मासिक’ किंवा ‘पाक्षिक’ असे नाव देण्यापूर्वी तो वाचावा. संपादक, प्रकाशक आणि मुद्रक यांची नावे मात्र अनियतकालिकावरही छापावीत. निनावी पत्रकाला प्रशासन उत्तर देत नाही आणि विद्यार्थीही त्यावर विश्वास ठेवत नाहीत. दुसरे म्हणजे बदनामी. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार आरोप खरा असणे एवढेच पुरत नाही, तो प्रसिद्ध करणे लोकहिताचेही असावे लागते. तेव्हा कारकुनाच्या घरगुती भानगडी कितीही चविष्ट असल्या तरी त्या बाजूला ठेवाव्यात.

अंकाला पुरोगामी म्हणवून घ्यायचे असेल तर मुखपृष्ठावर तसे लिहून भागत नाही. संपादक मंडळाची बैठक संध्याकाळी सहाला ठेवली तर लांबच्या वाडीवरच्या मुली आपोआप बाहेर पडतात आणि शहरात राहणारी चार मुले सगळ्यांच्या वतीने बोलू लागतात. बैठक मधल्या सुट्टीत घ्यावी. शिष्यवृत्ती अडकलेल्या विद्यार्थ्याचे नाव त्याच्या संमतीशिवाय छापू नये. जातीचा उल्लेख करायचा की नाही, हेही त्यालाच ठरवू द्यावे.

छपाईत अडचणी येतात त्या कागदाच्या आणि अक्षरांच्या. ए-थ्री कागद मधोमध दुमडला की चार पाने होतात, त्यामुळे पानांची संख्या चारच्या पटीत ठेवावी. मजकूर मोबाइलवर युनिकोडमध्ये लिहिलेला असतो आणि तालुक्याच्या छापखान्यात श्रीलिपी, म्हणजे युनिकोडशी न जुळणारे जुन्या पद्धतीचे फाँट, असतात; रूपांतर होताना रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. मुद्रितात ‘विद्यार्थ्यांच्या’ हा शब्द आधी शोधावा. त्यात रफार, अनुस्वार आणि तीन जोडाक्षरे असल्याने तो शाबूत असेल तर बाकीचा मजकूरही बहुधा शाबूत असतो. पावसाळ्यात कागदाचे रीम उघडे ठेवू नये, कारण सादळलेला कागद झेरॉक्स यंत्रात हमखास अडकतो. भित्तिपत्रक लावायचे झाल्यास चिऱ्याच्या खडबडीत, ओल्या भिंतीवर खळ टिकत नाही. प्लायवूडचा फलक करून तो पागोळ्यांपासून दूर टांगावा.

पहिला अंक गणपतीची सुट्टी संपल्यावर काढावा. जुलैत बरीच मुले भातलावणीला जातात, गणपतीत तर आवार ओस पडते आणि दिवाळीच्या आसपास परीक्षा येतात, त्यामुळे मधले काही आठवडेच आपले असतात. अंकानंतर धरणे धरायचे ठरले तर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जिल्ह्यात जमावबंदीचा आदेश चालू आहे का, हे पोलीस ठाण्यात विचारून घ्यावे. सणासुदीच्या दिवसांत असे आदेश वरचेवर निघतात. आगार व्यवस्थापकांना भेटायला चार जणच जावे, सोबत अंक आणि वहीची छायाप्रत न्यावी. आम्ही गेलो तेव्हा त्यांनी अंक बाजूला सारला, वही मात्र पान उलटून उलटून पाहिली आणि आत फोन करून चालकांची ड्यूटी कशी लावली आहे ते विचारले. पाचची गाडी नियमित झाली नाही, पण गाडी रद्द होणार असेल तर दुपारी तीनपर्यंत फलकावर लिहू लागले.

प्रत्येक अंकाच्या किमान चार प्रती जपाव्यात. एक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पोच घेऊन द्यावी, एक गावातल्या सार्वजनिक वाचनालयात, एक पुढच्या वर्षीच्या संपादकाकडे आणि एक दुसऱ्या तालुक्यात कोणाच्या तरी घरी, माळ्यावर. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणात कागदांचे काय झाले ते ज्यांनी पाहिले, त्यांना ही चौथी प्रत कशासाठी, हे विचारावे लागणार नाही.