छोट्या शहराने जीवाश्म इंधन कसे सोडावे : नगरपरिषदेसाठी आराखड्याची कार्यपद्धती

स्वीडनच्या दक्षिण भागात वेक्शो नावाचे, आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या मोठ्या गावाएवढे शहर आहे. कोळसा, तेल, पेट्रोल आणि डिझेल यांचा वापर टप्प्याटप्प्याने संपवायचा, असा ठराव तेथील नगरपालिकेने १९९६ साली सर्व पक्षांच्या एकमताने केला. घरे तापवणाऱ्या मध्यवर्ती संयंत्रात तेलाऐवजी जंगलातील लाकडाचे अवशेष जाळण्यास तेथे १९८० मध्येच सुरुवात झाली होती, त्यामुळे त्या ठरावाला पायाभूत अनुभव होता. वाहतूक मात्र आजही त्यांना जड जाते. आपल्याकडे घरे तापवावी लागत नाहीत, म्हणून त्यांची भट्टी आपल्या कामाची नाही. परंतु १९९३ हे तुलनेचे आधारवर्ष धरून कार्बन डायऑक्साइडचे दरडोई उत्सर्जन नियमितपणे मोजण्याची आणि जाहीर करण्याची त्यांची शिस्त महाराष्ट्रातील कोणत्याही नगरपरिषदेने जशीच्या तशी उचलावी.

आराखड्याची सुरुवात सल्लागार नेमून करू नये. मागील बारा महिन्यांची महावितरणची सर्व बिले ग्राहक क्रमांकानुसार लावून घ्यावीत, प्रत्येक वाहनाची डिझेलची नोंदवही मागवावी आणि दोन्हींची बेरीज एका मोठ्या तक्त्यावर मांडावी. एक लिटर डिझेल जाळले की सुमारे २.७ किलो, एक लिटर पेट्रोलमागे सुमारे २.३ किलो आणि ग्रिडच्या, म्हणजे सार्वजनिक वीजजाळ्याच्या, एका युनिट विजेमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, एवढे तीन आकडे पहिल्या हिशेबाला पुरतात. हे काम लेखा विभागातील एक लिपिक आणि पाणीपुरवठा अभियंता मिळून दोन आठवड्यांत करू शकतात. बंद पडलेल्या कूपनलिकेचे बिल वर्षानुवर्षे भरले जात असल्याचेही याच टप्प्यावर उघडकीस येते.

या तक्त्यात बहुतेक ठिकाणी सर्वांत मोठा आकडा पाणीपुरवठ्याचा निघतो, म्हणून पंपगृहाकडे सर्वाधिक लक्ष द्यावे. एक हजार लिटर पाणी शंभर मीटर उंच चढवण्यास निसर्गनियमाने ०.२७ युनिट वीज लागते, त्यापेक्षा कमी कोणालाही लागणार नाही. पंप आणि मोटर यांची एकत्रित कार्यक्षमता ६० टक्के असेल तर प्रत्यक्षात ०.४५ युनिट लागते. इंपेलर, म्हणजे पंपातील पाणी ढकलणारे फिरते चाक, झिजून ती ४५ टक्क्यांवर आली की ०.६० युनिट. पन्नास हजार वस्तीच्या शहराला दरडोई १३५ लिटर पाणी द्यायचे म्हटले तर दिवसाला साडेसदुसष्ट लाख लिटर पाणी उपसावे लागते आणि एवढ्याशा झिजेपायी दररोज सुमारे १,००० युनिट वीज वाया जाते. तेवढी वीज सूर्यापासून मिळवायची तर सुमारे २५० किलोवॉटचे सौर पॅनेल बसवावे लागतील. म्हणूनच आधी पंप दुरुस्त करावा आणि मगच सौरऊर्जेची निविदा काढावी, असे मी आग्रहाने सांगतो. गळतीलाही हाच हिशेब लागू आहे, कारण रस्त्यावर वाहून जाणाऱ्या प्रत्येक लिटरमागे त्याला वर चढवण्याची वीज आधीच खर्च झालेली असते.

मोजणी करताना जॅकवेलवर, म्हणजे नदी किंवा धरणातून पाणी उपसणाऱ्या विहिरीवर, स्वतः जावे. मोटरच्या पाटीवरील अश्वशक्ती लिहून न घेता मीटर एक तास वाचावा, त्याच तासात जलकुंभात किती पाणी चढले ते पाहावे आणि प्रेशर गेजवरील दाब नोंदवावा. गेज बंद असेल तर आधी तो बदलावा. ही वस्तू स्वस्त आहे आणि तिच्याविना पुढचे सगळे आकडे अंदाजाचे राहतात. पंपचालकाला सोबत घ्यावे, कारण कोणता पंप कधीपासून तापतो आणि कोणता व्हॉल्व्ह अर्धवट बंद ठेवून काम भागवले जाते, हे कागदावर कोठेही नसते, त्याला मात्र तोंडपाठ असते.

यानंतर सौर पॅनेलचा विचार करावा. एक किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट सावलीविना जागा लागते आणि त्यातून सरासरी दिवसाला चार युनिट वीज मिळते. नगरपरिषदेची इमारत, शाळा, भाजी मंडई आणि जलशुद्धीकरण केंद्र यांची छते प्रथम मोजावीत. शक्य तेथे उपशाची वेळ पहाटेवरून दुपारवर आणावी, म्हणजे उंच जलकुंभच दिवसाची वीज साठवण्याचे काम करील आणि बॅटरीचा खर्च वाचेल.

वाहनांच्या बाबतीत एकच नियम पुरेसा आहे : ठरावीक तारखेनंतर नगरपरिषद डिझेलचे नवे वाहन घेणार नाही. पंधरा वर्षांपेक्षा जुन्या शासकीय वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण १ एप्रिल २०२३ पासून बंद झाले आहे, त्यामुळे बदलाचे वेळापत्रक वाहनांच्या वयावरूनच तयार होते. घंटागाडी यासाठी सर्वांत योग्य, कारण तिचा मार्ग ठरलेला असतो, वेग कमी असतो आणि दुपारनंतर ती उभीच असते. दिवसाला ४० किलोमीटर फिरणारी, लिटरला बारा किलोमीटर देणारी छोटी डिझेल गाडी रोज सुमारे ९ किलो कार्बन डायऑक्साइड सोडते; किलोमीटरला ०.२ युनिट वापरणाऱ्या विजेच्या गाडीचा आकडा आजच्या कोळसाप्रधान ग्रिडवरही साडेपाच किलोच्या आसपास राहतो आणि छतावरील विजेचा वाटा वाढेल तसा तो आणखी खाली येतो. रुग्णालय आणि पंपगृह येथील डिझेल जनरेटर मात्र सर्वांत शेवटी काढावेत. तेथे घाई केल्यास एखाद्याच्या जिवावर बेतेल.

ओल्या कचऱ्यातून गॅस निर्माण करणे फार चांगले, पण त्याची अट कडक आहे. एक टन स्वच्छ ओल्या कचऱ्यापासून साधारण ८० घनमीटर बायोगॅस मिळतो, म्हणजे हॉटेलातील १९ किलोचे जवळजवळ दोन सिलिंडर. कचरा दारातच वेगळा झाला नाही तर संयंत्र चालत नाही; कॅरीबॅगांनी तुंबलेले आणि वर्षभरात बंद पडलेले एक संयंत्र मी स्वतः पाहिले आहे, आणि त्याच्या टाकीशेजारी उभे राहून आलेली हळहळ अजून गेलेली नाही. म्हणून सलग सहा महिने वर्गीकरण जमल्यावरच संयंत्रासाठी पैसे मागावेत.

नागरिकांच्या घरातील गॅस आणि दुचाकीतील पेट्रोल नगरपरिषदेच्या हातात नाही, तरी काही दारे तिच्याच ताब्यात आहेत. २०२० च्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीत नव्या इमारतींवरील सौर यंत्रणेच्या तरतुदी आहेत. भोगवटा प्रमाणपत्र देण्यापूर्वी त्यांची तपासणी छतावर जाऊन करावी. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटपर्यंतच्या घरगुती संचाला कमाल ७८,००० रुपये अनुदान मिळते, त्याचे अर्ज भरून देण्यासाठी कर भरणा खिडकीशेजारी एक मदत कक्ष पुरेसा आहे. राज्य शासनाच्या माझी वसुंधरा या पर्यावरण अभियानासाठी भरावयाची माहितीही याच तक्त्यावरून तयार होईल, दुहेरी काम पडणार नाही.

शेवटी सर्वसाधारण सभेपुढे ठराव ठेवावा. त्यात आधारवर्ष, त्या वर्षातील डिझेलचे एकूण लिटर व विजेचे एकूण युनिट, डिझेल वाहनांची खरेदी थांबण्याची तारीख, पंपदुरुस्तीसाठी अर्थसंकल्पातील लेखाशीर्ष, जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम, आणि दरवर्षी एप्रिलच्या सभेत नवा तक्ता वाचून तो कार्यालयाच्या सूचना फलकावर लावण्याचे बंधन, या सहा गोष्टी शब्दशः लिहिलेल्या असाव्यात. सत्ताधारी व विरोधी अशा दोन्ही बाजूंच्या एकेका सदस्याला सूचक आणि अनुमोदक करावे, कारण ही योजना दोन-तीन निवडणुका ओलांडून चालवायची आहे.