अंध मुलांसाठी स्पर्शपुस्तक: गटाने मिळून कसं तयार करावं

अंध मुलांसाठी काहीतरी करू या, असं ठरलं की बहुतेक गटांची गाडी वस्तूवाटपावर येऊन थांबते. वाटपात वाईट काही नाही. पण सहा-सात जण, थोडी कापडं आणि काही मोकळे रविवार हाताशी असतील, तर दुकानात सहसा न मिळणारी एक वस्तू तयार करता येते: बोटांनी वाचायचं चित्रपुस्तक. डोळस मूल बोलायला लागायच्या आधीच चित्रांची पानं उलटत असतं. जन्मापासून न दिसणाऱ्या मुलाच्या हाती मात्र पहिलं पुस्तक बऱ्याचदा शाळेतच पडतं, आणि त्यात चित्रं नसतात.

आधी मूल, मग पुस्तक

कात्री हातात घेण्याआधी मुलांच्या शिक्षकांशी किंवा पालकांशी बोला. मुलांचं वय काय, ब्रेल सुरू झालं आहे का, बोटांत ताकद कितपत आहे, हे विचारून घ्या. आणखी एक प्रश्न हमखास राहून जातो: थोडंफार दिसतं का? अंध म्हणून नोंद असलेल्या अनेकांना उजेड, ठळक रंग, मोठे आकार कळतात. म्हणून ‘त्यांना काय रंगाचं’ असं म्हणून मिळेल ते कापड लावू नका. काळ्यावर पिवळं, गडद निळ्यावर पांढरं असा विरोध ठेवा आणि चकाकणारा कागद टाळा. उजेड त्यावरून परावर्तित झाला की होती ती नजरही दिपते.

गोष्ट हातात मावणारी हवी

इंद्रधनुष्य, डोंगर, ढग हे विषय पहिल्या पुस्तकाला नकोत. बटण, किल्ली, पिशवी, चप्पल, उशी अशा रोज हाताळल्या जाणाऱ्या वस्तूंभोवती गोष्ट रचा. उदाहरणार्थ, शर्टाचं बटण हरवतं. पहिल्या पानावर बटणांची रांग आणि मध्ये एक रिकामी जागा, फक्त दोरा लोंबतोय. मग उशीखाली शोध, चेनच्या पिशवीत शोध, आणि शेवटी खिशात बोट घातलं की बटण सापडतं. सहा-सात पानं पुष्कळ झाली. गोष्ट स्वतःच लिहा. छापील गोष्ट घ्यायची तर लेखक-प्रकाशकाची परवानगी मागा. दृष्टिहीन वाचकांसाठी स्वामित्वहक्कात सवलत देणारा २०१३ चा मराकेश करार आहे खरा, पण तो मुख्यतः अधिकृत संस्थांना डोळ्यांसमोर ठेवून केलेला आहे.

चित्र बोटासाठी काढायचं

खरी मेख इथे आहे. डोळस माणूस चित्र काढतो म्हणजे लांबून दिसणारी बाह्यरेषा काढतो, आणि त्या रेषेवर दोरा चिकटवला की स्पर्शचित्र झालं असं समजतो. कप घ्या. कागदावर आपण त्याचं तोंड लंबगोल काढतो, कारण तिरकस पाहिलं की ते तसं दिसतं. कप रोज हातात धरणाऱ्या अंध मुलीला त्याची कड गोलच लागते. लंबगोल तिच्या ओळखीचा नसतो. खुर्चीचंही तेच. बाजूने काढलेल्या खुर्चीला दोनच पाय दिसतात, मग बाकीचे दोन गेले कुठे?

डोळा अख्खं चित्र एका झटक्यात पाहतो. बोट तुकड्या-तुकड्याने पुढे सरकतं आणि ते तुकडे मनात जोडावे लागतात. म्हणून वस्तू कशी दिसते हे विसरा, ती हाताला कशी भेटते हे शोधा. बस दाखवायची तर चाकं आणि खिडक्यांचा चौकोन नको. चढताना हात जातो तो गुळगुळीत दांडा आणि सीटचं रेक्झिन, एवढं एका पानावर लावा. मुलाला बस कळते. फ्रान्समधली ‘ले द्वा की रेव्ह’ ही संस्था याच वाटेने पुस्तकं काढते, आणि ‘टिफ्लो अँड टॅक्टस’ नावाची स्पर्शपुस्तकांची आंतरराष्ट्रीय स्पर्धाही होते. त्यातल्या पुस्तकांचे फोटो पाहून मग कामाला लागलात तर बऱ्याच चुका वाचतील.

एका पानावर तीन-चार पोतांपेक्षा जास्त नकोत. दोन आकारांमध्ये निदान एका बोटाची जागा सोडा. मुख्य पात्र पहिल्या पानावर मखमलीचं असेल तर शेवटपर्यंत मखमलीचंच राहू द्या, नाहीतर ते दुसरंच कोणी वाटतं.

जोडणी

मखमल, कॉर्डरॉय, गोणपाट, बारीक पॉलिश पेपर, फोम, वेल्क्रो, चेन, जुन्या कपड्यांचे खिसे: एवढ्यात काम भागतं. पानांना जाड पुठ्ठा घ्या. गोंद बेताने लावा. वाळलेल्या गोंदाचा गोळा किंवा ओघळ डोळ्याला क्षुल्लक वाटतो, पण बोटाला तोही चित्राचाच भाग वाटतो. बटणं आणि मणी चिकटवू नका, दुहेरी दोऱ्याने शिवा आणि जोर लावून ओढून बघा. लहान मूल ते तोंडात घालणारच. स्टेपलर, टाचण्या, तार पूर्ण बंद. आणि कोणी कितीही आग्रह केला तरी लॅमिनेशन नको, सगळा पोत प्लास्टिकखाली जातो.

बांधणीला रिंगा किंवा स्पायरल वापरा, म्हणजे पुस्तक टेबलावर सपाट उघडं राहील. चित्रांमुळे पानं पुढच्या बाजूला फुगतात, म्हणून बांधणीच्या कडेला पुठ्ठ्याच्या पट्ट्या लावून जाडी सारखी करा. प्रत्येक पानाचा वरचा उजवा कोपरा तिरका कापला तर पुस्तक सुलटं धरलंय की उलटं, हे हाताला लगेच समजतं.

ब्रेलचा मजकूर

मराठी ब्रेल ‘भारती ब्रेल’ या भारतीय भाषांसाठीच्या पद्धतीने लिहितात. अक्षर सहा टिंबांच्या चौकटीत बसतं आणि मात्रेला स्वतंत्र चौकट लागते. छापील ‘कि’मध्ये वेलांटी आधी येते, ब्रेलमध्ये उच्चाराच्या क्रमाने ‘क’ आधी. पाटी (खाचांची, कागद धरून ठेवणारी पट्टी) आणि टोचणीने हाताने लिहिताना उजवीकडून डावीकडे, उलटी अक्षरं टोचायची असतात, म्हणजे कागद पालटल्यावर ती सुलटी वाचता येतात. एका अक्षराला साधारण ६ मिलिमीटर रुंदी लागते. २० सेंटिमीटरच्या पानावर एका ओळीत जेमतेम पाच-सहा शब्द बसतात, तेव्हा मजकूर आखूड ठेवा. हे काम नवशिक्याने अंदाजाने करू नये. ब्रेल वाचणाऱ्या व्यक्तीकडून लिहून किंवा निदान तपासून घ्या. खाली तोच मजकूर १८ पॉइंट किंवा त्याहून मोठ्या छापील अक्षरांत द्या, म्हणजे डोळस भावंडं आणि आजी-आजोबाही सोबत वाचतील.

एकच प्रत, मग तपासणी

सगळ्या प्रती एकदम करू नका. आधी एक प्रत तयार करून मुलांच्या हाती द्या. डोळ्यांवर पट्टी बांधून आपणच तपासणं पुरेसं नाही. पानावर काय आहे ते आपल्याला आधीच ठाऊक असतं, शिवाय आयुष्यभर पाहिलेलं मनात असतंच. मुलाचा हात धरून चित्रावर फिरवू नका. मदत लागलीच तर सांगून आपला हात त्याच्या हाताखाली ठेवा, म्हणजे कुठे जायचं ते तोच ठरवेल. ‘ओळख बरं, हे काय?’ अशी परीक्षाही नको. नुसतं बघा: बोट कुठे अडखळतं, कुठे पुन्हा मागे येतं, कोणतं पान झटकन उलटलं जातं. ते पान बदला. एखाद्या प्रौढ अंध वाचकाचं मतही घ्या, ते सहसा सडेतोड असतं.

पुढच्या प्रती करताना एकेकाने एकेक पान सगळ्या प्रतींसाठी करावं, म्हणजे हात बसतो आणि प्रती सारख्या होतात.

पोचवताना

हार-तुरे, भाषणं, मुलांना रांगेत उभं करून काढलेले फोटो टाळा. फोटो हवेच असतील तर पालकांची परवानगी घ्या आणि मुलालाही विचारा. पुस्तकं आडवी थप्पी लावून ठेवू नका, वजनाने ब्रेलची टिंबं दबतात. कपाटात उभी ठेवायला सांगा. शेवटच्या पानामागे एक पाकीट चिकटवून त्यात जादा बटणं, वेल्क्रो आणि प्रत्येक कापडाचा एकेक तुकडा ठेवा. दोन-तीन महिन्यांनी सुई-दोरा आणि गोंद घेऊन एक फेरी मारा. खिसे उसवलेले असतील, चेन अडकत असेल. जे पान सर्वात जास्त झिजलंय, तसंच आणखी एक पान पुढच्या पुस्तकात घ्या.