शके, सुहूर, फसली: दिनविशेष लिहिण्याआधी जुनी तारीख कशी तपासायची

शाळेच्या परिपाठात किंवा सोसायटीच्या फळ्यावर रोजचा दिनविशेष लिहायची जबाबदारी ज्याच्यावर येते तो बिचारा बहुतेक वेळा आलेला फॉरवर्डच उतरवून काढतो, आणि इतिहासाच्या तारखा तिथेच गंडतात. खरं तर कागद, कॅल्क्युलेटर आणि घरातलं पंचांग एवढ्यावर बरंचसं चेक होतं.

सुरुवात शकापासून. शकात 78 मिळवले की इसवी सन मिळतो हे सगळ्यांनाच पाठ असतं, पण ते अर्धंच आहे. शक बदलतो गुढीपाडव्याला आणि इसवी सन बदलतो 1 जानेवारीला, म्हणजे जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या तारखांना 79 मिळवायचे. शिवजन्माचंच घ्या ना, फाल्गुन वद्य तृतीया शके 1551. 78 मिळवले तर 1629 येतं आणि ते चूक, फाल्गुन म्हणजे फेब्रुवारी-मार्च म्हणून 79, म्हणून 19 फेब्रुवारी 1630. माघ-फाल्गुन असेल तर डोळे झाकून 79, चैत्र ते कार्तिक 78. घोळ होतो तो मार्गशीर्षाच्या शेवटाला आणि पौषात, कारण 1 जानेवारी तिथेच कुठेतरी येते आणि दरवर्षी जागा बदलते. पानिपत पौष शुद्ध अष्टमी शके 1682 ला झालं, तारीख 14 जानेवारी 1761, म्हणजे त्या वर्षी पौष लागायच्या आधीच जानेवारी सुरू झाला होता. अशा वेळी नुसती बेरीज पुरत नाही, जंत्री (जुन्या तिथी आणि इंग्रजी तारखा शेजारी-शेजारी दिलेलं पुस्तक) बघायचीच.

आता आपला आवडता भाग, संवत्सराचं नाव. देवळाच्या शिलालेखात किंवा जुन्या पत्रात शकाबरोबर हे नाव हमखास असतं आणि आपण ते मंत्रासारखं वाचून पुढे जातो, पण आकडा बरोबर आहे का ते हेच नाव सांगतं. शकात 12 मिळवा, 60 ने भागा, जी बाकी उरेल त्या नंबरचं नाव पंचांगातल्या 60 संवत्सरांच्या यादीत बघा (बाकी शून्य आली तर साठावं, क्षय). राज्याभिषेक शके 1596 चा: 1608 ला 60 ने भागून बाकी 48, अठ्ठेचाळिसावं नाव आनंद, आणि तो आनंदनाम संवत्सरातच झाला. वरच्या 1551 ला बाकी 3, म्हणजे शुक्ल. शिवजन्माचं दुसरं वर्ष जे पूर्वी सांगितलं जायचं, शके 1549, त्याला बाकी 1 म्हणजे प्रभव. दगड झिजून शेवटचा आकडा गेला असेल पण संवत्सर वाचता येत असेल तरी शक सापडतो, कारण तेच नाव परत यायला 60 वर्षं लागतात.

राज्याभिषेक शक वेगळा हं! तो 1674 च्या ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला सुरू झाला, त्यात 1673 मिळवायचे आणि जानेवारीपासून त्या त्रयोदशीपर्यंतचा दिवस असेल तर 1674.

पेशवाईतल्या पत्रांत "इहिदे सितैन मया व अलफ" असलं काहीतरी दिसलं की लोक घाबरतात. हे नुसते अरबी आकडे आहेत, शब्दांत लिहिलेले आणि एककापासून सुरू होणारे: इहिदे 1, सितैन 60, मया 100, अलफ 1000, झाले 1161. हा सुहूर सन, यालाच मृगसाल पण म्हणतात कारण तो मृग नक्षत्राला बदलतो. मृगापासून डिसेंबरपर्यंत 599 मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600. म्हणजे वरच्या 1161 मधला जानेवारी हा 1761 चा, पानिपतचाच! पत्रात आकड्याआधी छ असेल तर ती चंद्राची तारीख, पुढे मुसलमानी महिन्याचं नाव येतं. हिजरी सनाला मात्र असली सरळ बेरीज चालवू नका, ते वर्ष साधारण 354 दिवसांचं असतं त्यामुळे फरक सरकत जातो.

मराठवाड्यातल्या जुन्या महसुली कागदांत फसली सन (सारावसुलीचं वर्ष) असतो, त्यात 590 मिळवा. निजामाकडे तो ऑक्टोबरात बदलायचा, म्हणून फसली 1357 म्हणजे ऑक्टोबर 1947 ते ऑक्टोबर 1948, आणि जानेवारीनंतरचा कागद असेल तर 591.

पेपरात "भारतीय सौर" म्हणून येतो तो सरकारी शक, 22 मार्च 1957 पासूनचा. त्यातल्या महिन्यांची नावं तीच पण त्यांचा तिथीशी संबंध नाही, ते पंचांगात शोधत बसू नका.

शेवटचं एक, आणि यावरून भांडणं होतात. इंग्रजांनी 1752 पर्यंत जुनं ज्युलियन कॅलेंडर वापरलं, पोर्तुगीजांनी मात्र 1582 मध्येच नवं, आज आपण वापरतो ते ग्रेगोरियन, घेतलं. त्यामुळे शिवकाळात एकाच दिवसाची तारीख सुरतेच्या वखारीत आणि गोव्यात 10 दिवसांनी वेगळी. राज्याभिषेकाची 6 जून ही जुन्या पद्धतीची, नव्या पद्धतीने तोच दिवस 16 जून येतो. फळ्यावर 6 जूनच लिहा कारण तीच रूढ आहे, फक्त शेजारी ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी शके 1596 पण टाका, म्हणजे कोणी विचारलं तर उत्तर तिथेच असेल.